इंग्रजीचं पारायण

पुण्याची एसटी थांबली तेव्हा अप्पांनी आधी पायातल्या चपला काढल्या. मग काखेतलं लाल बासन दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. कंडक्टर घाई करत होता, अव्वा, माझी आई, कडक भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत ढकलत होती, आणि जळकोटच्या हायवेवर, भर सकाळी, ट्रकच्या धुळीत माझे वडील अनवाणी उभे होते. बासनात पोथी नव्हती. सोलापूरहून आणलेली जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. "पायाशी ठेवू नको," अप्पा म्हणाले, "मांडीवर घेऊन बस." पुण्यापर्यंतचे सात-आठ तास ती माझ्या मांडीवरच होती. टेंभुर्णीच्या पुढं पायांना मुंग्या आल्या, तरी मी ती शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली नाही.

हे मी लिहितेय ते माझ्या वर्गातल्या, जळकोटच्या आसपासच राहिलेल्या मैत्रिणींसाठी, आणि माझ्यासारखी बॅग उचलून जे निघाले त्यांच्यासाठीही. सणाला गावी आले की तुम्ही विचारता, इंग्रजी कसं जमलं गं तुला? आणि पुण्यातली आपली माणसं तेच विचारतात, फक्त जरा आवाज खाली आणून. मी दर वेळी हसून विषय बदलते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी फजितीच जास्त आहे. आता सगळं सांगूनच टाकते.

आमच्या मठात श्रावणात पोथी लागते, हे गावच्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. दिवेलागणीनंतर लोक जमतात. एकजण ओवी वाचतो, तो वाचक. त्याच्यासमोर दुसरा बसतो आणि त्या ओवीचा अर्थ सगळ्यांना उलगडून सांगतो, तो सूचक. अप्पा कितीतरी वर्षांपासून सूचक आहेत. शिक्षण चौथी, पण अर्थ सांगायला लागले की चहाची वेळ टळली तरी कुणी उठत नाही. मी सहावीत असताना म्हाताऱ्या वाचकांना मोतीबिंदू झाला आणि त्यांच्या जागी मला बसवलं. मी चालीवर ओवी वाचायची, अप्पा डोळे मिटून "हूं" म्हणायचे, अर्थ सांगायचे, आणि मग म्हणायचे, "पुढं." माझं सगळं लहानपण त्या "पुढं"च्या तालावर गेलं असं म्हटलं तरी चालेल.

वाचकाला नियम असतात. अंघोळ करून बसायचं. पोथी जमिनीला टेकवायची नाही. ओळ गाळायची नाही. गाळली तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून. आणि अध्याय अर्ध्यात सोडून उठायचं नाही, घराला आग लागली तरी. हे नियम माझ्या इतके अंगात मुरले होते की पुण्याला येताना ते बॅगेत आहेत हे मला कळलंच नाही.

विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला पहिल्याच दिवशी वाचनाची यादी मिळाली. सगळी इंग्रजी. तोवर माझं शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजी म्हणजे पेपरापुरतं, गाईडमधून पाठ केलेलं. मी लायब्ररीतून पहिलं पुस्तक आणलं, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून कॉटवर मांडी घातली, बासन पसरून त्यावर पुस्तक ठेवलं, शेजारी डिक्शनरी उघडली आणि मुखपृष्ठापासून सुरुवात केली. प्रकाशकाचा पत्ता वाचला. अर्पणपत्रिका वाचली. मग आभार. प्रत्येक अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं बारीक मराठी शब्द लिहीत गेले. त्या आठवड्यात माझे आभार पुरे झाले. लेखकाच्या बायकोचं, दोन मुलांचं आणि कुत्र्याचं नाव मला अजून तोंडपाठ आहे. पुस्तक कशाबद्दल होतं ते मात्र आजही सांगता येणार नाही.

मी पारायण करत होते आणि मला ते कळत नव्हतं. चाळीस पानांचं प्रकरण घेतलं की संपेपर्यंत उठायचं नाही. मेसची वेळ निघून जायची. तळटीपा वाचायच्या, त्यातली सालंसुद्धा. एक ओळ नीट लागली नाही की प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. पान पेन्सिलीनं काळं व्हायचं, प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठी शब्द बसलेला असायचा, आणि वाक्याचा अर्थ म्हणून विचाराल तर काही नाही. लिंबू, मीठ, साखर सगळं ताटात वेगवेगळं मांडलेलं, आणि सरबताचा पत्ता नाही.

हॉस्टेलात इंग्रजी वाचण्याच्या नाना तऱ्हा होत्या. नांदेडची एक मुलगी प्रत्येक लेखाची झेरॉक्स काढायची आणि ती स्पायरल बाईंडिंग करून आली की तिला वाचून झाल्याचं समाधान मिळायचं. कोल्हापूरची एक हायलायटर घेऊन बसायची; तासाभरानं तिचं पान हळद लावल्यासारखं पिवळं झालेलं असायचं, एक ओळ पांढरी राहिलेली नाही. सेट-नेटच्या परीक्षावाल्या फक्त प्रश्न येईल तेवढंच वाचायच्या. आणि माझी रूममेट शर्वरी, नाशिकची, इंग्रजी शाळेत शिकलेली. ती लेखाचं पहिलं पान वाचायची, शेवटचं पान वाचायची, मधली पानं बोटांनी फुर्रकन उडवायची आणि म्हणायची, "झालं." मला तिचा राग यायचा. हेवा होताच, पण त्याहून जास्त म्हणजे ते मला पाप वाटायचं. "अगं, मधलं?" मी एकदा विचारलं. "मधलं लागलं तर बघू," ती म्हणाली आणि चहाला गेली.

तेव्हा आम्ही सगळ्याच एका गोष्टीत सारख्या होतो. इंग्रजीतलं काही कळलं नाही तर दोष आपलाच, हे आम्ही धरून चाललो होतो. मराठी पुस्तक कंटाळवाणं असलं तर आम्ही बेधडक म्हणायचो, काय रटाळ लिहिलंय. इंग्रजी पुस्तकाला तसं म्हणायची आमची टाप नव्हती. छापलंय ना, मग बरोबरच असणार. मी तर त्याच्यापुढं अक्षरशः मांडी घालून बसले होते.

दर रविवारी अप्पांचा फोन यायचा. "काय वाचलं?" "एक अध्याय झाला अप्पा." "अर्थ लागला का?" "लागला." मग ते मठात जाऊन सांगायचे, आमच्या मीनीचं तिकडं इंग्रजीचं पारायण चाललंय. अव्वानं मला हे कौतुकानं सांगितलं. मी खोटं बोलत होते, आणि ते खोटं गावभर झालं होतं. मला रडू आलं, आणि रडण्याचं कारण कुणाला सांगता येईना.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकानं एक लेख वर्गापुढं मांडायचा होता. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी मराठीत मांडलं तरी चालेल, असं मॅडमनी सांगितलं, पण लेख वाचायचा इंग्रजीतच. ज्याचा सेमिनार झाला नाही तो त्या विषयात नापास. माझ्या वाट्याला लेख आला तो सामायिक विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल. अठ्ठावीस पानं. मला वाटलं, विहिरीबद्दल आहे, जमेल. पण पंधरा दिवसांत मी चौदाव्या पानावर पोचले, अडले, नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्या पानावर गेले, आणि असं तीनदा झालं. सेमिनारला चार दिवस उरले तेव्हा मी बॅग भरली. बी.एड. करून तालुक्याला मास्तरीण व्हावं, त्यात काय वाईट आहे, असं स्वतःला समजावलं. अगदी वरती तो लेख आणि बासनातली डिक्शनरी ठेवली, बॅग घेऊन लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले आणि घरी फोन लावला.

दुपारची वेळ होती. अप्पा शेतात होते. मागं मोटरीचा आवाज येत होता.

"अप्पा, म्या परत येते."

आवाज हळूहळू दूर गेला. ते बोलायला चिंचेखाली गेले असणार.

"ये की," ते म्हणाले. "घर काय कुठं चाललंय? पर अध्याय कुठवर आलाय?"

"अर्ध्यात."

"मग अर्ध्यात कशी उठतीस? तेवढा पुरा कर आन् ये."

"अर्थच लागत न्हाय अप्पा. इतके दिवस तुमाला खोटं सांगितलं म्या. एक पुस्तक पुरं झालं न्हाय माझं."

मी ओरडा खायच्या तयारीनं बसले होते. ते म्हणाले, "वाच."

"इंग्रजी हाय ते अप्पा."

"ठावं हाय. तू वाच, आन् कळतंय तेवढं मराठीत सांग. म्या बघतो."

लायब्ररीच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून मी माझ्या वडिलांना इंग्रजी लेख वाचून दाखवायला लागले. मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर जिभेला एकच रीत ठाऊक. तिसऱ्या ओळीला पोथीची चाल लागली. दोन मुलं वळून बघत हसत गेली. तिकडून अप्पांचं "हूं" आलं. मी मोडकंतोडकं मराठीत सांगितलं. "पुढं," अप्पा म्हणाले. पाचव्या-सहाव्या वाक्याला एक शब्द अडला. मी थांबले.

"काय झालं?"

"शब्द बघते डिक्शनरीत."

"सोड त्यो."

"सोडू? ओळ गाळायची न्हाय असं तुमीच शिकवलंय की."

"वाचकानं गाळायची न्हाय," अप्पा म्हणाले. "सूचकाचं निराळं असतंय. मला तरी कुठं समद्या शब्दांचा अर्थ येतोय? निम्मे शब्द म्या आजवर तसेच वलांडलेत. ओवी कुनीकडं चाललीय तेवढं बघायचं आन् तिच्यासंगं जायचं. एका शब्दापाशी बसून राहिलं तर मानसं उठून जातील न्हवं का."

डोळे मिटून, मान डोलावत, सगळ्या गावाला अर्थ सांगणारे माझे वडील निम्मे शब्द ओलांडून जात होते. आणि मी त्यांच्यासमोर बसून सहावीपासून ओव्या वाचत आले, तरी मला पत्ता नव्हता.

"कुनाला कळलं न्हाय कधी?"

"तुझ्या अव्वाला कळतंय. ती पदराआड हसती," ते म्हणाले. "वाच पुढं."

मी वाचत गेले. शब्द ओलांडताना पहिल्यांदा पाय अडखळल्यासारखं झालं, मग सवय झाली. लेखाचं म्हणणं हळूहळू दिसायला लागलं. लेखकानं एका गावात विहिरीच्या पाळ्या मांडल्या होत्या: या घराचा सोमवार, त्या घराचा मंगळवार. आणि पुढं लिहिलं होतं की लोक ठरलेले वार पाळत नाहीत, परस्पर बदलतात, म्हणजे ही जुनी व्यवस्था मोडत चालली आहे. मी हे सांगितलं आणि अप्पांचं "हूं" आलंच नाही.

"अप्पा?"

"मोडत न्हाईत, बदलत्यात," ते म्हणाले. "लाईट निम्मा आठवडा दिवसाची अन् निम्मा आठवडा रातीची. वार बांधून दिले तर एकाच्याच नशिबी कायम रातीचं भिजवणं येतंय. इंचूकाट्यात त्यानंच का फिरायचं? म्हनून आमी चौघं भाऊ वार फिरवतो. हे लिवलंय का त्यानं?"

मी पानं उलटली. यावेळी मधली पानंही उडवली, शर्वरीसारखी. लाईटचा शब्द कुठंही नव्हता.

"न्हाय लिहिलेलं."

"मग तू सांग तिथं," अप्पा म्हणाले, आणि वाफा भरला म्हणून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायला निघून गेले.

एवढंच झालं. फोन चाळीस मिनिटांचा असेल. पण मी पायऱ्यांवरून उठले ती वेगळ्याच पायांनी. छापील इंग्रजीतला माणूस चुकू शकतो, त्याला जे ठाऊक नाही ते जळकोटात चिंचेखाली उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असू शकतं, हे मला कोणत्याही तासाला कुणी शिकवलं नव्हतं. रूमवर येऊन मी बॅग रिकामी केली. शर्वरीनं विचारलं, कुठं निघाली होतीस? म्हटलं, कुठं नाही, कपडे लावत होते.

सेमिनारला मी काही मोठं गाजवलं नाही. निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत बोलले, आणि एका ठिकाणी लेखातलं अवतरण वाचताना पुन्हा पोथीची चाल लागली तेव्हा वर्ग हसला; मीही हसले. पण लाईटचं सांगितलं. वार मोडत नाहीत, फिरतात, आणि का फिरतात, ते चार भावांच्या विहिरीचं चित्र फळ्यावर काढून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हे लिहून काढ. एका मुलानं लेखातल्या एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला, नेमका मी ओलांडलेल्यांपैकी. "माहीत नाही," मी म्हणाले. तोवर माहीत नाही हे दोन शब्द वर्गात उच्चारायला मी कधी धजले नव्हते.

घरी सांगितलं तेव्हा फोन अव्वानं घेतला होता. अव्वाचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. "त्या लेखकाशी भांडलीस?" तिनं विचारलं. म्हटलं, तसंच काहीतरी. "मग आलं तुला इंग्रजी," ती म्हणाली. "म्या लगीन होऊन आले तवा मराठीत मीठ मागता येत नव्हतं. सासूबाई बोलायच्या, म्या त्यांच्या हाताकडं बघायची. वरसानं एकदा पाण्यावरनं जावेशी भांडले. तवा समदे म्हनले, हिला आता मराठी येतंय. निधान निधान येतंय गं समदं." हे सावकाशीचं कानडी "निधान" ती मला लहानपणी डोक्यावरची घागर सांभाळून चालताना म्हणायची.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यातच राहिले, इथंच एका कॉलेजात शिकवते, वारज्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नवरा इथलाच. इंग्रजी वाचायला मला अजूनही मराठीपेक्षा दीडपट वेळ लागतो, आणि त्याचं आता काही वाटत नाही. डिक्शनरी बासनासकट शोकेसच्या वरच्या फळीवर आहे. शब्द फोनवर बघते, पण दिवाळीला झाडझूड करताना तिला खाली घेतलं की पायातल्या सपाता आपोआप निघतात. नवरा हसतो. हसू दे.

माझ्यापुढं आता धाराशिवची, बीडची, लातूरची पोरं बसतात. त्यांच्याकडं झेरॉक्स नसते, पीडीएफ असते. एकेकाच्या फोनमध्ये अख्खी लायब्ररी, न उघडलेली. भाषांतर फोन करून देतो, सारांशही देतो, आणि पोरं "वाचलं मॅडम" म्हणतात, आम्ही झेरॉक्स काढून म्हणायचो तितक्याच मनापासून. मला त्यांचा राग येत नाही. भीती तीच आहे, फक्त सामान बदललंय. धाराशिवकडच्या ईट गावची एक मुलगी गेल्या वर्षी म्हणाली, "मॅडम, इंग्रजी पान उघडलं की माझं डोकं बंद पडतं. मी मुळात ढच आहे." मी तिला आणि तिच्या मैत्रिणीला समोरासमोर खुर्च्या मांडून दिल्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं कळलं तेवढं सांगायचं, न कळलेलं ओलांडायचं, आणि शेवटी लेखकाचं कुठं चुकलं असं वाटतं ते एक तरी वाक्य बोलायचं. शनिवारी दुपारी आता माझ्या खोलीत अशा सात-आठ जोड्या बसतात. कलकल एवढी असते की शेजारच्या खोलीतले सर तक्रार करतात. ईटची मुलगी आता सूचक झालीय, आणि लेखकांना ती जे बोलते ते मला इथं लिहिता येणार नाही.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून जळकोटच सांगते. पण घर म्हणजे काय, हे मला यंदाच्या श्रावणात कळलं.

दोन दिवस सुट्टी काढून गेले होते. मठात पोथी लागली होती. वाचायला आता गावातलीच एक सून बसते, गोड गळ्याची. समोर अप्पा. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून तिच्याकडं झुकून बसलेले. मी बायकांत, अव्वाच्या शेजारी बसले होते. अध्याय निम्मा झाला असेल. सुनेनं एक ओवी वाचली, अप्पांनी "हूं" म्हटलं आणि थांबले. लोक वाट बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पण त्यांनी मान वळवून बायकांत शोधलं आणि मला म्हणाले, "मीने, तू सांग."

मठ माझ्याकडं बघायला लागला. मी उठून पुढं गेले, त्यांच्या शेजारी बसले, सुनेला ओवी पुन्हा वाचायला सांगितली. तिनं वाचली. मी अर्थ सांगू लागले. मधोमध एक शब्द होता, जुना, मला अजिबात न येणारा. सहावीपासून मी तो कित्येकदा वाचला असेन, पण अर्थ कधी सांगावा लागला नव्हता. मग ओवी कुणीकडं चाललीय तेवढं बघितलं, तो शब्द ओलांडला आणि तिच्याबरोबर गेले. लोकांनी माना डोलावल्या. बायकांत अव्वानं पदर तोंडाला लावला.

अप्पांनी डोळे मिटले आणि सुनेला म्हणाले, "पुढं."